परग्रहावरील वीरनायक : पराक्रम कोणाच्या नावावर?

विज्ञानाद्भुत कथेतील परग्रहवासी योद्धा हा समीक्षेने उपेक्षिलेला नायक होय. ‘विज्ञान कच्चे आणि अद्भुत बटबटीत’ असा शेरा मारून हा वाङ्मयप्रकार बाजूला सारला की, एक महत्त्वाचा प्रश्न अनुत्तरित राहतो. परक्या वंशाच्या वीराला कथा कोणते कर्तृत्व बहाल करते आणि कोणते नाकारते? अमेरिकन लेखक एडगर राइस बरोज याने निर्माण केलेला टार्स टार्कस या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

१९१२ साली मासिकातून क्रमशः आलेली व १९१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ ही कादंबरी मंगळावर घडते. तिचा नायक-निवेदक जॉन कार्टर हा अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेला व्हर्जिनियाचा कॅप्टन. तो ज्यांच्या हाती सापडतो ते थार्क हिरव्या वर्णाचे, सुमारे १५ फूट उंचीचे व चार हातांचे आहेत. त्यांची अंडी सामुदायिक उबवणगृहात उबवली जातात. त्यामुळे अपत्याला जन्मदाते ठाऊक नसतात. दुसऱ्याच्या यातना पाहून हे लोक हसतात. त्यांचे राजपद, म्हणजे ‘जेडॅक’पद, द्वंद्वात जिंकता येते.

गोरा आगंतुक येतो, ‘रानट्यां’ना माया-ममता शिकवतो आणि त्यांच्या सैन्यबळावर स्वतःचे ईप्सित साधतो, असे या कादंबरीचे वसाहतवादी रूप सहज दाखवता येते. हा निष्कर्ष खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. सोला ही थार्क तरुणी कार्टरला जी हकिगत सांगते, ती या निष्कर्षाच्या चौकटीत मावत नाही. टार्स टार्कसने गोझावा नावाच्या स्त्रीवर चोरून प्रेम केले; सोला ही त्यांची कन्या. तो मोहिमेवर असताना हे गुपित फुटले. जेडॅक टाल हाजूस याच्या छळाखाली गोझावाने प्राण सोडला, पण पित्याचे नाव उच्चारले नाही. परतलेला टार्स टार्कस मौन धारण करून राहिला. म्हणजेच ममता या समाजात कार्टरच्या आगमनापूर्वीच होती. तिला केवळ लपून राहावे लागत होते.

पुढे थार्क सरदारांच्या सभेत कार्टरच्या भाषणाने द्वंद्वाचा प्रसंग उभा राहतो, हे मान्य करावयास हवे. निमित्त परक्याचे आहे. परंतु वैर, प्रतीक्षा आणि तलवार ही तिन्ही टार्स टार्कसची स्वतःची आहेत. टाल हाजूसला मारून तो जेडॅक होतो, ते गोझावाचे ऋण फेडून. त्याच्या दंतकथेचा गाभा पराक्रमापेक्षा या दीर्घ मौनात आहे.

अँड्र्यू स्टँटन दिग्दर्शित ‘जॉन कार्टर’ (२०१२) या चित्रपटाशी तुलना केली असता ही बाब अधिक स्पष्ट होते. तेथे टार्स टार्कस आरंभापासूनच जेडॅक आहे. तो प्रेमळ आहे, प्रेक्षकाला जवळचा वाटणारा आहे. मात्र टाल हाजूस त्याला पदच्युत करतो आणि टाल हाजूसचा वध रिंगणात करतो तो कार्टर. थार्कांचे नेतृत्वही कार्टरकडेच जाते. मूळ कृतीनंतर १०० वर्षांनी झालेल्या या रूपांतरात परक्या वीराविषयीचा जिव्हाळा वाढला, परंतु त्याच्या हातून त्याचे एकमेव निर्णायक कृत्य काढून घेतले गेले.

तेव्हा ‘अन्या’चे चित्रण सहानुभूतीने झाले आहे काय, एवढीच विचारणा पुरेशी ठरत नाही. सहानुभूती देणे लेखकाला स्वस्त पडते. कृती देणे महाग. परग्रहावरील योद्धा असो वा ऐतिहासिक कादंबरीतील शत्रुपक्षाचा सेनानी, कथेच्या निर्णायक क्षणी शस्त्र कोणाच्या हाती आहे आणि ते उचलण्याचे कारण कोणाच्या आयुष्यातून आले आहे, हे समीक्षकाने प्रथम पाहावे. या कसोटीवर बरोजची रंजनपर कादंबरी, तिच्यातील सर्व पूर्वग्रहांसह, तिच्या सुसंस्कृत रूपांतरापेक्षा अधिक न्यायी ठरते.