अंथरूण किती मोठं आहे, ते आधी विचारा

तुम्ही अकरावीत असाल, तर सध्या घरात एकच विषय सारखा निघत असेल : कॉलेज. एसएटी कधी देणार? निबंध कशावर लिहिणार? पाहुणे आले की त्यांचाही पहिला प्रश्न तोच. "मग, कुठे जायचं ठरवलंस?"

मी सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरचं काम करतो. शनिवारी आपल्या शाळेतल्या मोठ्या मुलांना कॉलेजच्या अर्जासाठी मदत करतो. मुलं मला बहुतेक वेळा निबंधाबद्दल विचारतात. कॉमन ॲपचा निबंध ६५० शब्दांत बसवायचा असतो, दहापर्यंत उपक्रम लिहायचे असतात. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तयारी वेगळीच आहे. ती म्हणजे घरी बसून आई-बाबांशी पैशाबद्दल एकदा मोकळेपणानं बोलणं. आणि तेसुद्धा कॉलेजांची यादी करण्याआधी.

मराठीत एक म्हण आहे : अंथरूण पाहून पाय पसरावे. म्हणजे जेवढे पैसे असतील तेवढाच खर्च करावा. म्हण चांगली आहे. पण अंथरूण किती मोठं आहे हे कोणी सांगितलंच नाही, तर पाय किती पसरायचे ते कसं कळणार?

आपल्या घरांत हे का सांगत नाहीत? आई-बाबा म्हणतात, "तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघू." हे ते प्रेमानं म्हणतात. तुमच्या डोक्याला ताप नको, एवढाच त्यांचा हेतू असतो. शिवाय त्यांना तसं सांगायची सवयच नाही. माझ्यासारखी अनेक मुलं भारतात दोन खोल्यांच्या घरात वाढली. तिथे वेगळं काही सांगावं लागत नसे. महिनाअखेरीला आई कुठल्या डब्यातून पैसे काढते ते दिसायचं. वडील कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलायचे ते ऐकू यायचं. इथे तुमची खोली वेगळी, दार बंद, कानात हेडफोन. बँकेचे व्यवहार फोनवर होतात. मग तुम्हाला कळणार कसं?

दुसरंही एक कारण आहे. तुमच्या आई-बाबांच्या वेळी महाराष्ट्रात प्रवेश मिळायचा तो गुणांवर. मेरिट लिस्ट लागायची, त्यात जे सगळ्यात नावाजलेलं कॉलेज मिळेल ते घ्यायचं. सरकारी कॉलेजची फी बहुतेक वेळा खाजगीपेक्षा कमी असायची. म्हणजे नाव मोठं आणि खर्च कमी, अशी दोन्हीची सांगड असे. अमेरिकेत तसं नाही. इथे काही खाजगी विद्यापीठांचा राहण्या-जेवण्यासकट एका वर्षाचा खर्च ९०,००० डॉलरच्या आसपास गेला आहे. सरकारी विद्यापीठातसुद्धा तुम्ही कुठल्या राज्यात राहता यावर फी ठरते. मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बरच्या कॅम्पसमध्ये बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्याची फी मिशिगनच्या विद्यार्थ्याच्या तिपटीहून जास्त असते.

आता बोलणं झालं नाही तर काय होतं ते बघा. मुलगा किंवा मुलगी नावं बघून यादी करते. मार्चअखेरपर्यंत उत्तरं येतात. बऱ्याच कॉलेजांना १ मेपर्यंत कळवायचं असतं. हातात जेमतेम एक महिना. त्या महिन्यात पहिल्यांदा आकडे टेबलावर येतात. मग दोनच गोष्टी होतात. एक तर आई-बाबांना "नाही" म्हणावं लागतं, तेही तुम्ही त्या कॉलेजचा स्वेटशर्ट घालून बसलेले असताना. किंवा ते "हो" म्हणतात, आणि घरावर कर्ज काढतात, निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशाला हात घालतात. तुम्हाला ते कळतही नाही. मला हा दुसरा प्रकार जास्त वाईट वाटतो.

तुम्ही म्हणाल, "मी माझ्या नावावर कर्ज काढीन." पण पहिल्या वर्षी सरकारकडून विद्यार्थ्याला साधारण ५,५०० डॉलरपर्यंतच कर्ज मिळतं. उरलेल्या खाजगी कर्जावर बहुतेक वेळा आई किंवा बाबांनाच सही करावी लागते. म्हणजे ओझं पुन्हा त्यांच्यावरच.

काही पालक मला सांगतात, "आधीच पैशाचं बोललो तर मुलाची स्वप्नं लहान होतील." मला हे पटत नाही. उलट, बोललं की दारं उघडतात. कशी ते सांगतो.

पहिलं म्हणजे, छापलेली किंमत आणि प्रत्यक्षात भरायची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०११ पासून जवळजवळ प्रत्येक अमेरिकन कॉलेजला आपल्या वेबसाइटवर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' ठेवावा लागतो. घरची माहिती भरली की तुमच्या कुटुंबाला अंदाजे किती खर्च येईल ते कळतं. कधी कधी महागडं वाटणारं कॉलेज राज्याच्या विद्यापीठापेक्षा स्वस्त निघतं! पण ही माहिती आई-बाबांशिवाय भरता येत नाही.

दुसरं म्हणजे, शिष्यवृत्ती सगळीकडे सारखी नसते. आयव्ही लीगची आठ विद्यापीठं फक्त गरज बघून मदत देतात. तुम्ही कितीही हुशार असलात तरी तेवढ्यासाठी तिथे फी कमी होत नाही. आपल्यातल्या पुष्कळ घरांत पगार बरा असतो. त्यामुळे गरजेवरची मदत मिळत नाही, आणि पूर्ण खर्चही झेपत नाही. अशा मुलांनी गुणांवर शिष्यवृत्ती देणारी कॉलेजं शोधायला हवीत. पण आपण 'अशा मुलांत' आहोत हे आधी माहीत तर पाहिजे!

तिसरं म्हणजे, 'अर्ली डिसिजन'. हा अर्ज साधारण नोव्हेंबरमध्ये जातो. निवड झाली तर तिथेच जायचं, असं वचन त्यात असतं. मदत फारच अपुरी असेल तर सुटका होऊ शकते, पण चार कॉलेजांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. खर्च माहीत नसताना असं वचन देऊ नका.

आणि एक छोटी गोष्ट. तुमचा जन्म इथला असेल, तर आई-बाबांचा व्हिसा कुठलाही असला तरी तुम्हाला सरकारी मदतीचा फाफ्सा अर्ज भरता येतो. "आपल्याला तो चालत नाही" असं कोणी म्हणालं, तर नम्रपणे सांगा.

आता नावाबद्दल. "मोठ्या कॉलेजचं नाव आयुष्यभर उपयोगी पडतं," असं घरोघरी ऐकू येतं. काही क्षेत्रांत त्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पण माझ्या क्षेत्रातलं सांगतो. मी नव्या लोकांच्या मुलाखती घेतो. उमेदवारासमोर एक अडचण ठेवतो आणि तो कसा विचार करतो ते ऐकतो. कॉलेजचं नाव कागदावरची एक ओळ असते. बाकीचं पान त्यानं स्वतः भरलेलं असतं. आणि तुम्हाला डॉक्टर व्हायचं असेल, तर पहिल्या चार वर्षांनंतर आणखी चार वर्षांची फी समोर उभी असते. सगळे पैसे आधीच संपवून कसं चालेल?

मग सुरुवात कशी करायची? मी म्हणतो, तुम्हीच करा. आई-बाबांची वाट बघू नका. रविवारी जेवणं झाल्यावर विचारा, आणि मराठीत विचारा. पैशाबद्दल ते आपापसात मराठीतच बोलतात. त्यांच्या भाषेत विचारलंत, तर मूल हट्ट करत नाही, घरातलं मोठं माणूस बोलतंय, असं त्यांना वाटेल. पगार विचारू नका. एवढंच विचारा :

• कर्ज न काढता माझ्या कॉलेजसाठी वर्षाला किती खर्च आपल्याला परवडेल?
• कर्ज काढावं लागलं तर किती, आणि ते कोण फेडणार?
• धाकट्या भावंडासाठी किती ठेवायचे आहेत?
• भारतात आजी-आजोबांसाठी आपण काही पाठवतो का?
• पुढे आणखी शिकायचं ठरवलं तर काय करायचं?

चौथा प्रश्न मुद्दाम ठेवला आहे. पुण्यातल्या आजोबांची औषधं, गावच्या घराची दुरुस्ती, हे खर्च अनेक मुलांना ठाऊकच नसतात. तेही तुमच्या घराचाच भाग आहेत.

उत्तर म्हणून जो आकडा मिळेल तो कागदावर लिहा. मगच यादी करा. त्या यादीत एक-दोन स्वप्नातली कॉलेजं जरूर ठेवा. पण निदान दोन अशी ठेवा, जिथे प्रवेश नक्की मिळेल, खर्च नक्की झेपेल आणि जायला तुम्हाला खरंच आवडेल. तिन्ही गोष्टी हव्यात.

आकडा लहान निघाला तर वाईट वाटेल. वाटू द्या. पण अकरावीत कळलेला लहान आकडा घेऊन तुम्ही दीडशे वाटा शोधू शकता. बारावीच्या एप्रिलमध्ये कळला, तर फक्त रडू शकता.