व्यापारी जहाजांवरचा मारा : युद्ध फिरतं कुठे आणि मरतं कोण?

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर झालेल्या हल्ल्यांचे व्हिडिओ आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरत राहिले. ‘रुबीमार’ बुडालं, ‘ट्यूटर’ बुडालं, जुलै २०२५ मध्ये ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ तळाला गेली. गाझातला कत्लेआम बघून मन जळत होतं, त्यामुळे काहींनी या व्हिडिओंखाली शाबासकीही दिली. तो राग आपल्या सगळ्यांचाच आहे. पण दोन प्रश्न शांत डोक्याने विचारले पाहिजेत. व्यापारी जहाजं बुडवून युद्धाचं पारडं फिरतं का? आणि त्या जहाजांवर असतं कोण?

पहिल्या प्रश्नासाठी पहिल्या महायुद्धाकडे बघू. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने पाणबुड्यांना कोणतंही जहाज, इशारा न देता, बुडवायची मोकळीक दिली. हिशोब सरळ होता. ब्रिटनचं धान्य समुद्रातून येतं. महिन्याला सहा लाख टन जहाजं बुडवली तर पाच महिन्यांत ब्रिटन गुडघे टेकेल. एप्रिलमध्ये आठ लाख टनांहून जास्त जहाजं गेलीही. पण त्याच महिन्यात, ६ एप्रिलला, अमेरिका युद्धात उतरली. त्याला इतर कारणंही होती, तरी पाणबुड्यांचा मारा हे मोठं कारण होतं. मे महिन्यापासून ब्रिटनने व्यापारी जहाजांचे काफिले करून त्यांना युद्धनौकांची सोबत द्यायला सुरुवात केली आणि नुकसान हळूहळू उतरत गेलं. जर्मनीला विजय मिळाला नाही, नवा शत्रू मात्र मिळाला.

दुसऱ्या महायुद्धात तोच डाव पुन्हा मांडला गेला. मार्च १९४३ पर्यंत अटलांटिकमध्ये ब्रिटनची अवस्था बिकट होती. दोनच महिन्यांत चित्र उलटलं. मे १९४३ मध्ये जर्मनीच्या ४१ पाणबुड्या बुडाल्या आणि २४ मे रोजी अॅडमिरल डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून माघार घेतली. आपण ‘टर्निंग पॉइंट’ म्हटलं की एखादी मोठी लढाई शोधतो. इथे तसं काही नव्हतं. लांब पल्ल्याची विमानं, नवं रडार, फोडलेले गुप्त संदेश आणि बुडणाऱ्या जहाजांपेक्षा जास्त जहाजं बांधणारे अमेरिकेचे कारखाने, हे सगळं एकाच वेळी जुळून आलं.

जपानचं उलट झालं. त्याचं तेल आणि कच्चा माल समुद्रातूनच यायचा, पण गेलेली जहाजं भरून काढायची ताकद त्याच्याकडे नव्हती. अमेरिकन पाणबुड्यांनी त्याचा व्यापारी ताफा संपवत आणला आणि देशाची नाकेबंदी झाली. म्हणजे हा मारा कधी कधी ‘चालतो’. पण कायदा मात्र विजेत्याच्या सोयीने वाकतो. न्यूरेंबर्गच्या खटल्यात डोनिट्झला दहा वर्षांची शिक्षा झाली, पण पाणबुडी युद्धाचे नियम मोडले म्हणून नाही. कारण अमेरिकेनेही पॅसिफिकमध्ये पहिल्या दिवसापासून तेच केलं, हे तिच्याच अॅडमिरल निमिट्झने सांगितलं होतं. दुटप्पीपणा आजचा नाही.

आता दुसरा प्रश्न. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून मोंबासाकडे निघालेलं ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज जपानच्या ‘आय-२९’ पाणबुडीने बुडवलं. ९५८ पैकी २८० जण गेले. पाच महिन्यांनी याच पाणबुडीने मादागास्करजवळ जर्मन पाणबुडीतून नेताजी सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे साथीदार, हैदराबादचे आबिद हसन, यांना घेतलं. एकच पाणबुडी आपल्या स्वातंत्र्याच्या कामी आली आणि आपल्याच माणसांचा कर्दनकाळही ठरली. ‘शत्रूचा शत्रू तो मित्र’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर हजारो हिंदी खलाशी होते. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींच्या डेकवर सारंग, टिंडाल आणि खलाशी म्हणून रत्नागिरी-कुलाब्याचे कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने असत. आगवाले बहुतेक पठाण-पंजाबी, तर खानपानाच्या कामाला गोव्याचे लोक. ना युद्ध त्यांचं, ना साम्राज्य त्यांचं. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या सहा हजारांहून जास्त नाविक-खलाशांची नावं मुंबई आणि चितगावच्या स्मारकांच्या नोंदवहीत आहेत. त्यांना समुद्राशिवाय कबर नाही.

आजही तेच आहे. ‘गॅलेक्सी लीडर’चे २५ खलाशी फिलिपिन्स, युक्रेन, मेक्सिकोसारख्या देशांचे होते. चौदा महिने कैदेत राहून ते जानेवारी २०२५ मध्ये सुटले. ‘मार्लिन लुआंडा’ पेटलं तेव्हा त्यावर २२ हिंदुस्तानी होते. आणि पारडं फिरलं का? इलात बंदर जवळपास ठप्प झालं, हे खरं. पण गाझावरचे बॉम्ब त्याने थांबले नाहीत. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, भाडी वाढली आणि इजिप्तचं सुएझ कालव्याचं उत्पन्न २०२४ मध्ये निम्म्याहून खाली आलं.

हजरत अबू बकर (रजि.) यांनी शामकडे लष्कर पाठवताना बायका, मुलं, म्हातारे यांना हात लावू नका, असं बजावलं होतं. जे लढत नाहीत त्यांना वाचवायचं, हा आपला जुना उसूल आहे. तो आपल्याला गाझासाठी हवा असेल, तर पोटासाठी जहाजावर चढलेल्या खलाशासाठीही मानावा लागेल.

ज्यांची मुलं मर्चंट नेव्हीत आहेत, त्या घरांनी एक गोष्ट आजच करावी. मुलाचा करार वाचावा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनांचा करार असलेल्या जहाजांवर, युद्धक्षेत्र ठरवलेल्या भागात जायला नकार देण्याचा हक्क खलाशाला असतो, आणि गेलाच तर जास्त पगार आणि दुप्पट भरपाईची तरतूद असते. एजंट हे सांगेलच असं नाही. सही करायच्या आधी आपणच विचारायचं.