वर्तणुकीचा रकाना

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस


मी गोराईत शिकवण्या घेते. माझ्याकडची दहावीतली एक मुलगी बोटीने खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजूला शाळेत जायची. एका संध्याकाळी वर्गातल्या मुलाशी जेट्टीवर बोलत उभी होती, एवढंच. आठ दिवसांत ती त्याच्यासोबत किनाऱ्यावरच्या कॉटेजवर गेली होती, अशी गोष्ट झाली. कुणी पाहिलं, असं मी विचारत फिरले. ऐकलं सगळ्यांनी होतं. ती चढली की बोटीतल्या बायका बोलायच्या थांबत, म्हणून ती पुढच्या बोटीची वाट बघू लागली. शाळेने तिच्या आईला बोलावून सांगितलं, मुलीला समज द्या. त्या मुलाच्या घरी निरोपसुद्धा गेला नाही.

हे पोरखेळाचं प्रकरण नाही, साहेब. मुलीवर बसलेला असा शिक्का कोर्टातही तिच्याविरुद्ध वापरला गेला आहे. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसाने बलात्कार केल्याची तक्रार झाली. वय 14 ते 16. आईबाप नव्हते. सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवलं. वैद्यकीय तपासणीवरून तिला शरीरसंबंधांची सवय आहे, असा निष्कर्ष काढला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपींना शिक्षा दिली, ती सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये रद्द केली. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्रानंतर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पण तक्रारदार बाई 'तसलीच' आहे हे कोर्टात दाखवण्याची मुभा देणारं पुराव्याच्या कायद्यातलं कलम जायला 2002 ची दुरुस्ती यावी लागली.

कोर्टातून ते कलम गेलं. शिक्षकांच्या खोलीत आणि जेट्टीवर ते अजून चालतं.

आपल्याच विभागाच्या मार्च 2022 च्या निर्णयानुसार शाळाशाळांत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या नेमायच्या आहेत. त्या समितीला एक गोष्ट बंधनकारक करा: मुलीच्या नावाने काही उठलं तर आधी ते बोलणाऱ्याला बोलवायचं. कुणाकडून ऐकलं, स्वतः काय पाहिलं, हे विचारायचं. मुलीच्या आईला बोलावून समज देणं थांबवा. आणि मुलगी वर्षाच्या मध्येच शाळा सोडत असेल, तर दाखला देण्याआधी समितीने त्या मुलीशी एकटीशी बोलावं.

आमच्या मुलीशी कुणी बोललं नाही. दिवाळीनंतर तिच्या वडिलांनी दाखला काढला, आता ती गावी मावशीकडे असते. दाखला मी वाचला. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून.

आपली,
गोराईची एक रहिवासी