कानाने घडवलेला नाटककार

आषाढी वारीत हडपसरला दोन पालख्यांची वाट वेगळी होते. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे निघते. एरवी मात्र याच ठिकाणी वाटा एकत्र येतात. पुरंदरची बोली, हवेलीची बोली, नोकरीसाठी आलेल्या मराठवाड्याची बोली आणि मगरपट्ट्यातील संगणक-कंपन्यांची इंग्रजीमिश्रित मराठी, सारे एकाच बसथांब्यावर कानी पडते. माळवाडीत महापालिकेचे विठ्ठलराव तुपे पाटील नाट्यगृह उभे आहे. महाविद्यालये आहेत, नट होऊ पाहणारी मुले तर पुष्कळच आहेत. पण या उपनगराचे बोलणे रंगमंचावर आणणारा नाटककार कोठे आहे?

नाटककार घडतो कसा, याचा विचार करू लागले की पु. ल. देशपांडे यांची कारकीर्द आठवणे स्वाभाविक आहे. ८ नोव्हेंबर १९१९ रोजी जन्मलेल्या या माणसाची ओळख महाराष्ट्राने 'विनोदी लेखक' या दोन शब्दांत बंद करून टाकली. जयंती आली की 'व्यक्ती आणि वल्ली'तील उतारे वाचायचे, ध्वनिफिती ऐकायच्या आणि हसून घरी जायचे, असा आपला परिपाठ. हे प्रेम खरे आहे, यात शंका नाही. परंतु पु. ल. हे आधी नट होते, मग नाटककार झाले. आणि त्या प्रवासातील प्रत्येक टप्प्याने त्यांच्या लेखणीला काही ना काही दिले, इकडे या प्रेमात दुर्लक्ष होते.

चिंतामणराव कोल्हटकरांसारख्या जाणत्या नटश्रेष्ठाच्या सहवासात त्यांनी रंगभूमीचे धडे घेतले. १९४७ च्या 'कुबेर'पासून चित्रपटांत भूमिका केल्या. राम गबाले यांच्या 'वंदे मातरम्' (१९४८) मध्ये ते आणि सुनीताबाई दोघेही पडद्यावर होते. 'गुळाचा गणपती' (१९५३) मध्ये तर कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका हे सारे त्यांनी एकट्याने पेलले. त्यानंतर त्यांनी चित्रपटसृष्टीकडे जवळजवळ पाठच फिरवली.

नाटककार म्हणून आरंभ मात्र यशाचा नव्हता. तुकोबांच्या जीवनावरचे 'तुका म्हणे आता' हे पहिले नाटक १९४८ चे. ते रंगभूमीवर फारसे चालले नाही. पुढे गोगोलच्या नाटकावरून 'अंमलदार' (१९५२) आणि सॉमरसेट मॉमच्या नाटकावरून 'भाग्यवान' (१९५३) ही रूपांतरे त्यांनी केली. रूपांतर म्हणजे उसनवारी, असे नाक मुरडणारे समीक्षक तेव्हाही होते, आजही आहेत. वस्तुतः ती उमेदवारी होती. परक्या नाटकाचा सांगाडा उचलून त्यात आपल्या माणसांचा श्वास भरायचा, तर आपली माणसे बोलतात कशी हे आधी नीट ऐकावे लागते.

आणि ऐकण्याची खरी शाळा त्यांना मिळाली ती आकाशवाणीत. पुणे केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी, पु. ल. तेथे रुजू झाले १९५५ साली. त्याच वर्षीच्या रामनवमीला या केंद्रावरून माडगूळकर-फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले होते. व्यंकटेश माडगूळकरही याच केंद्रात ग्रामीण श्रोत्यांसाठी कार्यक्रम करीत होते. सरकारी खात्यात असे दिवस क्वचितच येतात! श्रुतिकेत नेपथ्य नाही, रंगभूषा नाही, हातवारे नाहीत. पात्राने तोंड उघडताच ते कोण, कोणत्या गावचे, कोणत्या वयाचे, हे श्रोत्याला उमगले पाहिजे. वाक्य बोलताना अडखळले तर दोष नटाचा नव्हे, लिहिणाऱ्याचा. ध्वनिक्षेपक ही लबाडी तत्काळ उघडी पाडतो.

'तुझे आहे तुजपाशी' हे नाटक १९५७ चे, म्हणजे नेमके याच काळातले, हा योगायोग मानता येत नाही. इंदूरच्या काकाजींची ऐसपैस, हिंदीच्या वळणाची मराठी आणि आचार्यांची व्रतस्थ, तोलूनमापून आलेली भाषा यांचा सामना म्हणजे ते नाटक. डोळे मिटून ऐकले तरी कोण बोलते आहे याचा संभ्रम पडत नाही. पुढे 'ती फुलराणी'त (१९७५) तर उच्चार हाच विषय झाला. मूळ कल्पना शॉची; पण मंजुळा साळुंकेचे बोलणे कोणत्याही इंग्रजी पुस्तकात सापडणारे नाही. भक्ती बर्वे यांनी ते अजरामर केले. बोलीवरून माणसाची लायकी ठरवणारा प्रोफेसर जहागीरदार प्रेक्षकाला हसवतो आणि अस्वस्थही करतो.

एक खंत मात्र नोंदवावीच लागेल. १९६० नंतर 'बटाट्याची चाळ', 'वाऱ्यावरची वरात' यांसारख्या प्रयोगांनी सभागृहे तुडुंब भरली आणि त्यांच्यातील सादरकर्त्याने नाटककाराला मागे सारले. नंतरची त्यांची गाजलेली नाटके मुख्यतः रूपांतरेच आहेत. 'तुझे आहे तुजपाशी'च्या तोडीचे दुसरे स्वतंत्र नाटक मराठीला मिळाले नाही. टाळ्यांची ही किंमत रसिकांनीही मोजली, असे म्हटले तर भक्तांना ते रुचणार नाही.

आज परिस्थिती उलटी आहे. हडपसर, मांजरी, फुरसुंगीतील मुलगा अभिनयाच्या वर्गात गेला की त्याला बहुधा पहिली सूचना मिळते ती बोली पुसून टाकण्याची. प्रमाण उच्चार यावेत, हे योग्यच. नटाला ते हवेतच. पण घरची बोली लाजेची वस्तू ठरली, तर तो मालिकेत चार वाक्ये बोलेल, नाटक लिहिणार नाही. जहागीरदार पावलोपावली आहेत, मंजुळेचे कान असलेला लेखक नाही.

महापालिकेने वास्तू दिली. आता एक साधी गोष्ट करता येण्यासारखी आहे. नाट्यगृहाच्या रिकाम्या दुपारी परिसरातील महाविद्यालयीन मुलांना नाममात्र शुल्कात द्याव्यात. पडदा नको, प्रकाशयोजना नको. दोन ध्वनिक्षेपक ठेवावेत आणि मुलांनी स्वतः लिहिलेले प्रवेश, आपापल्या बोलीत, केवळ आवाजाने सादर करावेत. ऐकायला सासवडहून भाजी घेऊन आलेली चार माणसे बसली तर फारच उत्तम. वाक्य कोठे खोटे पडले, हे ती लगेच सांगतील.