पोट लहान झालंय, ईमान नाही

येरवड्यात आमच्या शेजारच्या आपांचं वजन घटवायचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेत. रमजान लागताच गल्लीचा सवाल सुरू : "रोजा नाही?"

या स्लीव्ह ऑपरेशनात जठराचा सुमारे 80 टक्के भाग कापून काढतात. पाणी दिवसभर घोट-घोट प्यायचं, वर रोज निदान 60 ग्रॅम प्रथिनं. इफ्तार ते सहरीत हे बसवायचं कसं? नाही बसलं तर चक्कर, थकवा ठरलेला. सूरह बकराच्या 185व्या आयतीत आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करायची सवलत आहे. अल्लाहने दिलेली सवलत काढून घेणारे तुम्ही कोण?

आणि "एवढंसं खाऊन ताकद कुठून येणार" म्हणत बिर्याणीचं ताट सरकवणाऱ्या खाला, त्यांना उकडलेलं अंडं द्या, डाळ द्या. बिर्याणी तुम्ही खा.