काम ऑनलाइन आहे, मग मुलाला सीमेपलीकडे कशाला नेतात?

मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमधून 549 भारतीयांना मायदेशी आणलं. 'थायलंडमध्ये कॉम्प्युटरवर बसून काम, पगार चांगला' असं सांगून एजंटांनी अशा तरुणांना नेलं होतं. ते पोहोचले म्यानमारच्या म्यावड्डी भागातल्या कुंपण घातलेल्या वसाहतींत. तिथं पासपोर्ट काढून घेतात, चॅटवरून लोकांना लुबाडायला लावतात आणि नकार दिला की मारहाण होते. त्यानंतरच्या महिन्यात महाराष्ट्र सायबर पोलिसांनी अशाच प्रकरणात एजंटांना अटक केली. म्हणजे हा धोका आपल्या दारापर्यंत आलेला आहे.

घरबसल्या कामाचा व्हिसा नावाची गोष्ट खरोखर असते. थायलंडने जुलै 2024 मध्ये असा पाच वर्षांचा व्हिसा सुरू केला. त्यावर एका वेळी 180 दिवस राहता येतं, पण खात्यात 5 लाख बाट दाखवावे लागतात आणि थाई कंपनीत नोकरी करता येत नाही. दुबईच्या अशा व्हिसासाठी महिन्याला 3,500 डॉलर उत्पन्न लागतं आणि मालक यूएईच्या बाहेरचा असावा लागतो. दोन्हींचा नियम एकच: काम आधी, व्हिसा नंतर. 'आधी या, काम तिथं आल्यावर देऊ' असं कुणी म्हणत असेल, तर ते रिमोट काम नव्हेच.

म्यानमारमध्ये तर 2021 च्या लष्करी उठावापासून यादवी पेटलेली आहे. त्या देशाचा पर्यटक ई-व्हिसा 28 दिवसांचा, बिझनेसचा 70 दिवसांचा. सापळ्यात अडकलेल्यांकडे बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. बँकॉकला उतरवायचं, गाडीने माए सोतला न्यायचं आणि मोई नदी पार करायची, असा हा रस्ता. पासपोर्टवर म्यानमारचा शिक्का नाही, म्हणजे तिथल्या कायद्याने तो मुलगाच घुसखोर. सुटका झाली तरी आधी चौकशी त्याचीच.

आपल्याकडची एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. दहावी पास मुलाच्या पासपोर्टला इमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही. कमी शिकलेला मजूर थायलंडला नोकरीला निघाला, तर सरकार त्याचे कागद तपासतं. आपला ग्रॅज्युएट मुलगा मात्र टूरिस्ट म्हणून सरळ विमानात बसतो. 2024 मध्ये थायलंडने भारतीयांना 60 दिवस व्हिसाशिवाय प्रवेश दिला, त्याचाही एजंटांनी फायदा घेतला. पण तो प्रवेश फिरायला होता, नोकरीला नव्हता.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटला 30 हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. नोकरीचं पत्र त्या देशातल्या भारतीय दूतावासाला ईमेल करून खात्री करा. आणि मुलगा निघालाच, तर पासपोर्ट, तिकीट, व्हिसा यांच्या प्रती घरी ठेवा. तो अडकला तर परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार करताना त्याच उपयोगी पडतात.

मुलगा बेकार बसला की घरात ताण येतो, चार लोक बोलतात, हे खरं आहे. पण तिथं बसून त्याला कुणाच्या तरी म्हाताऱ्या आई-वडिलांची जमापुंजी लुटायला लावणार असतील, तर ती रोजी हलाल कशी होईल? पैसे भरण्याआधी एजंटला एवढंच विचारा: काम इंटरनेटवरचं आहे ना, मग ते माझ्या घरून का होत नाही?