कंपनीचे कार्ड तुमचे, कुटुंबाचे काय?

दापोली तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात: "माझे शोहर दोन वर्षांपासून दुबईत नोकरीला आहेत. आता मला आणि दोन्ही मुलांना बोलावत आहेत. कंपनीने विमा दिलेला आहे, असे ते सांगतात. मग आमच्यासाठी वेगळे काही करावे लागेल का? शिवाय मला थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. हे सांगितले तर व्हिसा अडेल, असे लोक म्हणतात. काय करावे?"

कोकणातील कितीतरी घरांत हाच प्रश्न आहे, म्हणून या महिन्यात त्याचेच उत्तर देत आहोत. थोडक्यात सांगायचे तर होय, वेगळे करावे लागेल. आणि आजार लपवू नये.

जबाबदारी कोणाची?

दुबईत २०१३ च्या ११ क्रमांकाच्या कायद्याने आरोग्य विमा सक्तीचा झाला. नोकराचा विमा काढणे आणि त्याचा पूर्ण खर्च करणे ही मालकाची जबाबदारी आहे. ही रक्कम पगारातून कापता येत नाही. पण पत्नी आणि मुलांचा विमा काढण्याचे बंधन दुबईतील मालकावर नाही. ज्याने त्यांना बोलावले, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा व्हिसा आहे, त्यानेच तो काढायचा. काही चांगल्या कंपन्या कुटुंबालाही विमा देतात, पण ती त्यांची सवलत आहे, कायद्याने मिळालेला हक्क नव्हे. म्हणून "कंपनीने विमा दिला आहे" एवढ्यावर थांबू नका. पॉलिसीत कोणाकोणाची नावे आहेत, ते कंपनीच्या कार्यालयातून लेखी मागवा.

अमिराती एक देश असला तरी नियम सगळीकडे सारखे नाहीत. अबुधाबीचा कायदा त्याहून जुना, २००५ चा आहे. तिथे मालकाची जबाबदारी पत्नी आणि १८ वर्षांखालील तीन मुलांपर्यंत नेलेली आहे. शारजा, अजमान, उम्म अल कुवेन, रास अल खैमा आणि फुजैरा या पाच अमिरातींत खासगी नोकरदार आणि घरकामगारांसाठी विम्याची सक्ती १ जानेवारी २०२५ पासून झाली. तिथली मूळ योजना वर्षाला ३२० दिरहमची आहे आणि कामगाराच्या कुटुंबालाही तीत घेता येते.

आपली बरीच माणसे भाडे कमी म्हणून शारजात राहतात आणि कामाला दुबईत जातात. त्यांनी लक्षात ठेवावे की विम्याचा नियम घर कुठे आहे यावर नाही, तर व्हिसा कोणत्या अमिरातीने दिला यावर ठरतो.

पोहोचल्यापासून कार्ड मिळेपर्यंत

खरा धोका या मधल्या दिवसांत असतो. पत्नी आणि मुले प्रवेश परवान्यावर उतरतात. मग वैद्यकीय चाचणी, एमिरेट्स आयडी, विमा आणि शेवटी निवासी व्हिसा असा क्रम चालतो. यात काही आठवडे सहज जातात. शोहरच्या कार्डावर त्या काळात मुलाचा ताप दाखवता येत नाही. खासगी रुग्णालयात सगळा खर्च खिशातून होतो आणि एका रात्रीच्या दाखल्यात महिन्याचा पगार संपू शकतो.

यावर उपाय साधा आहे. निघण्यापूर्वी इथूनच निदान दोन महिन्यांचा प्रवास विमा घ्या. त्यात आजारपण आणि रुग्णालयातील भरती यांचा समावेश आहे का, ते पाहा. केवळ सामान हरवण्याचा आणि विमान चुकण्याचा विमा उपयोगाचा नाही. इथला नेहमीचा मेडिक्लेम बहुतेक वेळा भारताबाहेरच्या उपचारांना चालत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आजार सांगावा की लपवावा?

निवासी व्हिसासाठी १८ वर्षांवरील व्यक्तीची जी चाचणी होते, ती क्षय, एचआयव्ही यांसारख्या संसर्गजन्य रोगांसाठी असते. थायरॉइड, मधुमेह किंवा रक्तदाब यांमुळे व्हिसा अडत नाही. त्यामुळे ही भीती मनातून काढून टाका.

विम्याच्या फॉर्मवर मात्र आधीपासूनचे आजार विचारले जातात. तिथे "नाही" लिहिले आणि पुढे औषधांच्या नोंदींवरून आजार जुना असल्याचे दिसले, तर कंपनी दावा नाकारू शकते. खरे लिहिले तर काय होते? दुबईच्या मूळ योजनेत पहिल्यांदा विमा घेणाऱ्याला जुन्या आजारासाठी सहा महिने थांबावे लागते. तातडीचा प्रसंग त्याला अपवाद आहे. सहा महिन्यांनी त्या आजाराचे उपचारही विम्यात येतात. म्हणजे सहा महिन्यांच्या गोळ्यांचा खर्च सोसायचा की कायमची टांगती तलवार ठेवायची, एवढाच हा हिशेब आहे. शिवाय फॉर्मवरची सही ही आपली साक्ष असते. खोटी साक्ष आपल्या दीनमध्ये किती गंभीर मानली आहे, ते सांगायला नकोच.

गोळ्या सोबत नेताना डॉक्टरांची ताजी चिठ्ठी आणि मूळ पाकीट जवळ ठेवा. काही झोपेच्या, वेदनाशामक आणि मानसिक आजारांच्या औषधांवर तिथे कडक निर्बंध आहेत. अशी औषधे चालू असतील, तर ती नेण्याची परवानगी आधी मिळवावी लागते.

स्वस्त कार्डात काय मिळते?

दुबईच्या मूळ योजनेत एका व्यक्तीला वर्षभरात १,५०,००० दिरहमपर्यंत उपचार मिळतात. पण सगळे फुकट नाही. डॉक्टरांच्या फीतला साधारण २० टक्के वाटा आपल्याला द्यावा लागतो. औषधांतही आपला वाटा असतो आणि त्यांची वर्षाची मर्यादा वेगळी असते. दात आणि चष्मा यांचा नेहमीचा खर्च यात धरू नका. कार्ड कोणत्या दवाखान्यांत चालते, याची यादी ठरलेली असते. यादीबाहेर गेलात तर बिल तुमचे.

पैसे देण्यापूर्वी एजंटला हे प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या:

१. आमच्या घराजवळचा कोणता दवाखाना आणि कोणते रुग्णालय यादीत आहे?
२. प्रत्येक भेटीला, औषधांना आणि भरतीला आमचा वाटा किती?
३. जुन्या आजारासाठी किती महिने थांबावे लागेल?
४. बाळंतपणाची मर्यादा किती आणि त्यासाठी थांबण्याचा काळ आहे का?
५. सुट्टीत भारतात आलो, तर इथे कार्ड चालेल का?

चौथा प्रश्न नवविवाहितांनी विसरू नये. बाळ झाल्यावर पहिले ३० दिवस ते आईच्या विम्यात धरले जाते. त्यानंतर त्याचा स्वतःचा विमा लागतो आणि १२० दिवसांच्या आत त्याचा निवासी व्हिसा करावा लागतो. आनंदाच्या गडबडीत हे तिसावे दिवस निघून जातात, म्हणून तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

इथूनच काढता येणारा विमा

ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी आवश्यक असा शिक्का आहे, त्यांना आखाती देशांत कामाला जाताना प्रवासी भारतीय बीमा योजना घ्यावीच लागते. दहावी उत्तीर्ण नसलेले कामगार बहुधा या गटात येतात. हप्ता दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, कर वेगळा. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये मिळतात. आजारपणासाठी १ लाखापर्यंत तरतूद आहे. अनेकदा एजंट हा विमा काढतो आणि कागद स्वतःकडेच ठेवतो. घरी कुणाला ठाऊक नसते. पॉलिसीची एक प्रत घरच्या कपाटात असलीच पाहिजे. नाहीतर वाईट वेळ आली तर दावा करणार कोण?

भारतात चालू असलेला कौटुंबिक मेडिक्लेमही परदेशी निघाल्यावर बंद करू नका. परत आल्यावर नव्याने घेतला, तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. गावी राहिलेल्या अम्मी-अब्बांचे वय ७० किंवा अधिक असेल, तर त्यांचे आयुष्मान कार्ड काढून द्या. त्यात उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात.

विमा जायज आहे का?

हा प्रश्नही येतोच. १९८५ मध्ये जेद्दा येथे इस्लामी फिक्ह अकादमीने व्यापारी विम्याला नकार देऊन परस्पर सहकार्यावर आधारलेल्या विम्याला मान्यता दिली. यालाच तकाफुल म्हणतात. सर्वांनी मदतीसाठी एका निधीत पैसे टाकायचे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून द्यायचे, हा त्याचा पाया. अमिरातीत तकाफुल कंपन्या आहेत, तेव्हा पर्याय विचारून पाहा. कायद्याने सक्तीच्या विम्याबद्दल मनात शंका असेल, तर आपल्या विश्वासातील आलिमांशी बोला. पण शंका आहे म्हणून मुलांना विम्याशिवाय ठेवू नका. दुबईत विमा नसेल तर दर महिन्याला ५०० दिरहम दंड आहे आणि त्याविना व्हिसाचे कामही पुढे सरकत नाही.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी तिकीट काढण्यापूर्वी शोहरकडून दोन गोष्टी मागवाव्यात: त्यांच्या पॉलिसीची प्रत, आणि कुटुंबाच्या विम्यासाठी दोन-तीन कंपन्यांचे लेखी दर. अडचण आली तर दुबईत भारतीय वाणिज्य दूतावासाचे प्रवासी भारतीय सहायता केंद्र मदत करते. तिथल्या रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९८ आहे. तो मुलांनाही पाठ करून घ्या.

अल्लाह आपला प्रवास सुखाचा करो.